गिऱ्हाईक खूश, पण गप्प : कापूस पट्ट्यातल्या एका मेंटल फिटनेस व्यवसायाचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. कापसाचा बाजार हिंगणघाटचा, मोठा दवाखाना सेवाग्राम नाहीतर सावंगीचा, लग्नाची खरेदी नागपूरची. अशा गावात हंगामाला वीस-पंचवीस हजार रुपये मोजून कोणी मनाची तब्येत सांभाळून घेईल का, हा या प्रकरणातला प्रश्न. घेतात, हे आता वहीत दिसतं. पण व्यवसायाचा जो आराखडा सुरुवातीला कागदावर होता, त्यातलं जवळपास काहीच टिकलं नाही.

व्यवसाय चालवणाऱ्या बाईंना गावात सगळे मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणतो. नागपूरला मानसशास्त्रात एम. ए., नंतर पुण्यात एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्य कार्यक्रमाचं काम, त्या जोडीने कोचिंगचं, म्हणजे माणसाशी बोलत त्याला त्याची वाट काढायला मदत करण्याचं, रीतसर प्रशिक्षण. सासरे थकले, नवऱ्याने घरचं शेती अवजारांचं दुकान हाती घेतलं आणि बिऱ्हाड इकडे आलं. मी त्यांचा कर सल्लागार, त्यामुळे वह्या माझ्याकडे असतात. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची गावं, वयं, घरची मंडळी बदलली आहेत. धंदे मात्र बदललेले नाहीत, कारण धंदा बदलला की दुखणंही बदलतं.

कल्पना कुठून आली

पुण्यात 'हाय अचिव्हर' म्हटलं की आयटीतला मॅनेजर डोळ्यांपुढे येतो. इथे कोण? कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारा, हंगामात शंभरेक माणसांची मजुरी वाटणारा जिनिंगवाला. बियाणं, खतं, कीटकनाशकं विकणारा, अख्ख्या सर्कलची उधारी वहीत घेऊन बसलेला कृषी केंद्राचा मालक. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत ओपीडी उपसणारा डॉक्टर. सभासदांचे फोन चुकवू न शकणारा शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक. परगावाहून बदलून आलेली, वसुलीचं टार्गेट डोक्यावर असलेली बँकेची शाखा व्यवस्थापक. ही माणसं गावाच्या मानाने यशस्वीच आहेत, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर दहा-वीस घरं टेकलेली आहेत.

विदर्भातल्या मनाच्या दुखण्यावर काम झालेलंच नाही असं नाही. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. 'संगाथ' या संस्थेने विदर्भातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवला होता. नैराश्य असलेल्यांपैकी कुठे ना कुठे मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, असं 2017 साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तो बदल गावातल्याच माणसांना शिकवून, त्यांना दारोदार पाठवून झाला. मॅडमना त्यातून एक गोष्ट पटली होती, की इथला माणूस मनाचं बोलतच नाही हे खोटं. बोलायला योग्य माणूस योग्य जागी आला की बोलतो.

पण हे सगळं शेतकऱ्यासाठी, आणि ते बरोबरच आहे. शेतकरी ज्यांच्या दारात येऊन रडतो त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही. त्यांच्यावर सरकारी पैसा खर्च व्हावा असं मीही म्हणणार नाही, त्यांच्या खिशात आहेत. म्हणूनच तिथे व्यवसायाला जागा होती.

पहिला हंगाम : फ्लेक्स, भाषण आणि रिकामा जिना

मेन रोडवर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर खोली घेतली. फ्लेक्स लावला, त्यावर डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला माणूस. एका बैठकीचे दीड हजार रुपये. मंगल कार्यालयात मोफत व्याख्यान ठेवलं, हॉल भरला. आले कोण? विमा एजंट, नेटवर्क मार्केटिंगची मंडळी, काही निवृत्त गुरुजी आणि पोलीस भरतीची पोरं. टाळ्या खूप. शेवटी दोघांनी प्रमाणपत्र मिळेल का म्हणून विचारलं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्यांच्यापैकी एकही आला नव्हता. प्रेरणादायी भाषणांना इथे गर्दी जमते, पण त्या गर्दीच्या भरवशावर धंदा उभा करू नये, असं माझं आधीपासूनचं मत.

खोली तीन महिने तशीच. जिना चढून कोणी येईना. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जिन्याच्या बरोब्बर समोर पानठेला, आणि दुपारभर तिथे पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटत निम्मं गाव बसलेलं. शेठजींच्या गाडीचा नंबर तालुक्याला पाठ. गाडी खाली थांबली की 'शेठजी वर काहून गेले' हा विषय संध्याकाळपर्यंत मार्केट यार्डात पोचणार.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ही लाज आहे, जनजागृती केली की जाईल. लाज आहेच, पण तिच्याखाली रोकडा हिशेब आहे. आमच्याकडे काही शेतकरी जिनिंगमध्ये कापूस टाकून जातात आणि पैसे पुढे लग्नसराईत उचलतात. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा, दरवर्षी नव्याने मंजूर व्हायची असते. व्यापारी शब्दावर गाठी पाठवतो. 'शेठजींच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणे' एवढं एक वाक्य फिरलं, तर दुसऱ्या दिवशी पैसे मागायला रांग लागते. या माणसाने जिना न चढण्यात शहाणपण होतं. मॅडमनी हे ओळखलं आणि फ्लेक्स उतरवला. इथून पुढे व्यवसायाने खरं वळण घेतलं.

पहिलं गिऱ्हाईक

ते आलं अवजारांच्या दुकानातून. एका जिनिंगवाल्यांच्या सौभाग्यवती स्प्रे पंपाचा वॉशर बदलायला म्हणून आल्या आणि काउंटरपाशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे रात्रभर मोबाइल पाह्यतात. ना झोपत, ना कोणाले झोपू देत."

शेठजी भेटायला तयार झाले ते एका अटीवर. "मले काई झालं नाई. झोप येत नाई तेवढी. झोपेचं असंन त सांगा."

मॅडमनी पहिल्या भेटीत मनाचा विषयच काढला नाही. आधी फॅमिली डॉक्टरकडून रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून या म्हणाल्या. बाईंना विचारलं, घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकतो का. अडकत असता तर कामाची दिशाच वेगळी झाली असती. तसं काही निघालं नाही. मग झोपेची नोंद ठेवायला सांगितली. अ‍ॅप नको, कारण मोबाइल पोरं हाताळतात. वही नको, कारण ती मुनीमजींच्या नजरेला पडते. शेवटी शेठजींनीच तोड काढली. वजनकाट्याच्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर ते लिहू लागले : शेवटचा चहा, शेवटचा खर्रा, अंथरुणावर पडल्याची वेळ, जाग आल्याची वेळ. जिनिंगवाल्याच्या खिशात काटा पावती असणं यात कोणाला काय वाटणार.

आठवड्याच्या पावत्या टेबलावर मांडल्या तेव्हा चित्र साफ होतं. रात्री साडेनऊला मुनीमजींसोबत हिशेबाला बसताना कडक चहा. अकराला खर्रा. दोनला उठून न्यूयॉर्कचा रुईचा वायदा पाहणं, मग डोक्यात आकडेमोड. साधारण पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गाठ निघते. वायदा इतका पडला तर गाठीमागे किती, गोदामात गाठी किती, सरकीचा भाव धरून तोटा किती. हे गणित अंधारात, पंख्याकडे बघत, पहाटेपर्यंत.

चहातलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. तंबाखूतलं निकोटीन उत्तेजक, तेही झोप उडवणारंच. मॅडमनी खर्रा सोडा असं म्हटलं नाही, म्हटलं असतं तर दुसरी भेट झालीच नसती. शेवटचा खर्रा जेवणाआधी आणा, एवढंच. हिशेबाला चहाऐवजी ताक. मग त्यांनी विचारलं, "रात्री दोनला भाव कळल्यावर सकाळी लिलाव होईपर्यंत तुम्ही काय करता?"

"काय करता जी. जागतो."

त्यावर शेठजी स्वतःच हसले. रात्री दोनला ना कापूस घेता येत होता ना गाठी विकता येत होत्या. दुसऱ्या दिवसापासून पुतण्याला काम लागलं : सकाळी साडेसहाला रात्रीचा बंद भाव एका ओळीत पाठवायचा. मोबाइल रात्री देवघरात. पलंग फक्त झोपण्यासाठी, वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून ओसरीत बसायचं, गुंगी आली की परत यायचं. निद्रानाशावर जगभर वापरली जाणारी ही रीत आहे, मॅडमनी काही नवीन शोधून काढलं नव्हतं. संध्याकाळी सात ते सव्वासात काळजीची वेळ ठरली. गंजीला आग लागली तर, कापसात ओलावा जास्त निघाला तर, बँकेने मर्यादा वाढवली नाही तर, हे सगळं तेव्हा लिहून काढायचं आणि पुढे 'उद्या कोणाला फोन' एवढं लिहायचं. लिलावाआधी केबिनमध्ये दहा मिनिटं संथ श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास.

होळीपर्यंत शेठजी बाराच्या आत झोपून सहाला उठू लागले होते. मधल्या बैठकांमध्ये थोरल्या भावाशी वाटणीवरून धरलेला अबोलाही बाहेर आला, पण तो झोपेच्या दारातून आत आल्यावर. 'समग्र' हा शब्द मॅडमच्या पहिल्या माहितीपत्रकात पानोपानी होता. प्रत्यक्षात समग्र म्हणजे ताक, ओसरी, भाऊ आणि बँक एकाच कागदावर येणं.

दिसेल, पण ऐकू येणार नाही

खोली सोडल्यावर प्रश्न उभा राहिला, बसायचं कुठे. गिऱ्हाइकाच्या वावरात पहाटे फिरत बोलावं असं मॅडमना वाटत होतं. चालता चालता माणूस मोकळा होतो, पुण्यात ते त्यांनी केलं होतं. इथे एका पहाटे केलं आणि दुपारी सासूबाईंच्या कानावर भलतंच आलं. परपुरुषासोबत सकाळी सहाला पऱ्हाटीतून, कापसाच्या उभ्या पिकातून, चालणारी बाई, मग ती एम. ए. असो नाहीतर आणखी काही, लोक काय म्हणतीन हे सांगायला नको. ज्यांना गावाची माहिती नाही ते म्हणतील, दुर्लक्ष करा. धंदा करायचा असेल तर दुर्लक्ष करून चालत नाही. गिऱ्हाइकाच्या घरातही त्याने भांडण लागतं.

तोडगा जिनिंगच्या काचेच्या केबिनमध्ये सापडला. बाहेरून सगळ्यांना दिसतं की शेठजी आणि अवजारांच्या दुकानवाल्या मॅडम टेबलाच्या दोन बाजूंना कागद पसरून बसले आहेत. आतलं एक अक्षर बाहेर येत नाही, जिनिंगच्या आवाजात तर नाहीच. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला : बैठक सगळ्यांना दिसेल, पण कोणाला ऐकू येणार नाही. डॉक्टरांकडे दुपारी ओपीडी बंद असताना, दार उघडं, कंपाउंडर बाहेरच्या बाकावर. शाखा व्यवस्थापक बाईंशी रात्री फोनवर, त्या एकट्याच राहतात म्हणून सोपं. बायकांच्या बैठका दुकानामागच्या खोलीत, तिथे येण्याजाण्याला कोणी हिशेबात धरत नाही.

बिलावर काय लिहायचं

इथे माझा संबंध आला. शेठजींनी यूपीआयने पैसे पाठवले ते फर्मच्या खात्यातून. महिनाअखेरीला मुनीमजींनी विचारलं, "हे माइंड फिटनेस काय हाय, शेठजी?" बँक खात्यावर मॅडमनी व्यवसायाचं तेच नाव टाकलं होतं. काचेची केबिन, काटा पावत्या, सगळी खबरदारी एका बँक स्टेटमेंटने उघडी पाडली. मुनीमजी बरा माणूस, विषय तिथेच थांबला. दुसरीकडे थांबला नसता.

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. एक, व्यवसायाचं नाव बदललं. आता ते मॅडमच्या आडनावावरून आहे, त्यात मनाचा उल्लेख नाही. दोन, बिलाचं ठरवलं. 'व्यवस्थापन सल्ला' असं लिहून बिल फर्मच्या नावाने द्या, असा आग्रह दोघा-तिघांनी धरला. मी नाही म्हटलं. प्राप्तिकरात धंद्याचा खर्च तोच, जो पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालेला असतो. स्वतःची झोप आणि भावाशी अबोला त्यात बसत नाही. खोटं वर्णन एकदा लिहिलं की ते पाच वर्षांनी कोणत्या तरी तपासणीत उघडं पडतं, तेही मालक समोर बसलेला असताना. म्हणून बिल व्यक्तीच्या नावाने, वर्णन 'वैयक्तिक कोचिंग सेवा', पैसे वैयक्तिक खात्यातून. गोष्ट खरी राहते आणि मुनीमजींच्या वहीत येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने संचालक मंडळ आणि कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेतली, तिचं बिल अर्थातच कंपनीच्या नावाने, कारण ते काम कंपनीचंच होतं.

नोंदणीचं थोडक्यात : छोट्या धंद्यांच्या उद्यम नोंदणीला सरकार एक रुपया घेत नाही, गावात तिचे पैसे उकळणारे मात्र आहेत. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वार्षिक 20 लाखांची, आमचं गाडं तिच्यापासून बरंच लांब.

मॅडमच्या नोंदवहीत गिऱ्हाइकांची नावं नाहीत, आकडे आहेत. आकड्यांची किल्ली वेगळ्या कपाटात.

तोंडोतोंडी प्रसिद्धी इथे होत नाही

प्रत्येक धंद्यात समाधानी गिऱ्हाईक चार माणसं आणतं. ट्रॅक्टर चांगला निघाला की शेतकरी चौकात सांगतो. या धंद्यात समाधानी गिऱ्हाईक गप्प बसतं, आणि जितकं जास्त समाधानी तितकं जास्त गप्प. शेठजींची झोप सुधारल्याचं त्यांच्या सख्ख्या मेहुण्यालाही माहीत नाही. माझ्या मते अशा छोट्या गावात या व्यवसायाची सगळ्यात मोठी अडचण हीच. तंत्र कोणीही शिकून येईल, गिऱ्हाईक आणणार कोण?

पहिल्या दोन हंगामांत जी माणसं आली ती तीन वाटांनी. बायको, हा सर्वात मोठा रस्ता. दुसरा रस्ता फॅमिली डॉक्टर, ज्यांच्याकडे शेठ, सरपंच, मास्तर पित्त आणि छातीत धडधड घेऊन येतात, ईसीजी नॉर्मल निघतो आणि गोळ्या घेऊन परत जातात. तिसरा, माझ्यासारखे वह्या पाहणारे. माणूस रिटर्न भरायला येतो, सहीच्या जागी तीनदा चुकतो, आणि मग बोलतो. मी फक्त म्हणतो, झोपेचं त्या बाईंशी एकदा बोलून पाहा.

कमिशनचा विषय निघालाच. मॅडमनी नव्हे, एका ओळखीच्या डॉक्टरांनी काढला, 'आमच्याकडे पद्धत आहे' म्हणून. डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्याचे पैसे घेणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे : ज्या दिवशी गावाला कळेल की डॉक्टर टक्केवारीवर माणसं पाठवतात, त्या दिवशी तो रस्ता बंद. कमिशन कोणालाही नाही, मलाही नाही. त्याऐवजी मॅडम दर तीन महिन्यांनी पाठवणाऱ्या डॉक्टरांना भेटतात. गिऱ्हाइकाची लेखी परवानगी असेल तेवढंच सांगतात, आणि नसेल तर चहा पिऊन येतात.

जिथे कोचिंग थांबतं

दुसऱ्या हंगामात एका कृषी केंद्राचे मालक आले. तक्रार : दुकानात लक्ष लागत नाही, वसुलीला निघावंसं वाटत नाही. चाळिशीतला, कर्तबगार माणूस. बाजूच्या तालुक्यात दुसरी शाखा काढण्याच्या बेतात असलेला.

मॅडम प्रत्येकाला सुरुवातीला नैराश्याचा अंदाज घेणारी एक नऊ प्रश्नांची यादी भरायला देतात. पीएचक्यू-9 म्हणून ती सगळीकडे वापरतात, मराठीतही आहे. एकूण 27 पैकी 10 किंवा त्याहून वर आकडा गेला की नीट तपासणीची गरज असू शकते असं समजतात. पण मॅडम बेरजेच्या आधी नववा प्रश्न पाहतात, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्या रकान्यात 'कित्येक दिवस' वर खूण होती.

त्यांनी प्रश्न फिरवून विचारला नाही. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर आलं, "मी नसतो त बरं झालं असतं, एवढंच वाट्टे." मग हळूहळू गोष्ट निघाली. त्यांच्या उधारीच्या वहीतल्या एका शेतकऱ्याने उन्हाळ्यात जीव दिला होता. बाकी मोठी नव्हती, आणि ती मागायला हे कधी गेलेही नव्हते. पण वहीचं ते पान रोज उघडलं जात होतं. रात्रीची दारूही वाढली होती. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे यशस्वी माणसाचं पिणं इथे दुप्पट लपलेलं असतं, घरच्यांनाही अंदाज नव्हता.

आणि हा माणूस दिवसभर बसतो कुठे, तर कीटकनाशकांच्या रॅकसमोर.

मॅडमनी त्या बैठकीत कोचिंगचा कागद मिटवला. मालकांच्याच संमतीने त्यांच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. दुकान आणि गोदामाच्या किल्ल्या त्याच संध्याकाळी भावाकडे गेल्या, काउंटरवर काही आठवडे भाऊ बसेल असं ठरलं, गावाला सांगायला 'दादाची पाठ धरली' पुरेसं होतं. रात्री एकटं ठेवायचं नाही. टेलिमानसचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये टाकला. मनाच्या दुखण्यावर मदत देणारा हा सरकारी मोफत नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सकाळी पहिल्या गाडीने वर्ध्याच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयात मानसोपचार विभागात. मॅडम सोबत गेल्या. घेतलेली फी परत केली.

फी परत केल्याचं मला वहीत दिसलं तेव्हा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "हे काम माझं नव्हतंच, त्याचे पैसे मी कसे ठेवू?" मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाहीत. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती त्यांच्याकडे नाही, आणि आहे असं त्या भासवतही नाहीत. कोचिंग करायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. म्हणून तर आपली रेष आपणच आखून घ्यावी लागते, दुसरं कोणी आखून देणार नाही. त्यांच्या करारात, साध्या मराठीत, एका पानावर तीन गोष्टी आहेत : मी निदान करत नाही आणि औषध देत नाही. तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र मी घरच्या एका माणसाला आणि डॉक्टरांना सांगेन, तो माणूस कोण ते आत्ताच लिहून ठेवू. शेवटच्या ओळीवर सही करताना बहुतेक जण थबकतात, विनोद करतात, आणि मग बायकोचं किंवा भावाचं नाव लिहितात. त्या दिवशी भावाचा नंबर शोधावा लागला नाही, तो त्याच पानावर होता.

पाच-सहा महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ते पुन्हा मॅडमकडे आले. गोळ्या चालू होत्या, दारू सुटली होती. आता काम फक्त धंद्याचं : उधारीला मर्यादा कशी घालायची, जून महिन्यात 'नाही' कसं म्हणायचं, वसुलीला स्वतः जायचं की माणूस पाठवायचा. त्या पानाचं काय करायचं हेही एका बैठकीत निघालं. त्यांनी बाकी माफ केली आणि घरी जाऊन सांगून आले.

पैसा

दर बैठकीला दीड हजार ही रीत इथे चालली नाही. प्रत्येक वेळी पाकीट उघडताना माणूस विचार करतो, आज खरंच गरज आहे का. आणि जूनमध्ये तर व्यापाऱ्याच्याही हातात पैसा नसतो, सगळा पेरणीच्या उधारीत गेलेला. म्हणून हंगामाची फी ठेवली : ऑक्टोबर ते मार्च 24 हजार, अर्धे दिवाळीआधी, अर्धे संक्रांतीनंतर. ज्याच्या त्याच्या हातात पैसा येतो त्या वेळेला. बैठका साधारण सोळा, पण मोजायच्या नाहीत. लिलावाच्या गर्दीत आठवडा चुकला तर पुढे घ्यायची.

उन्हाळा आणि पावसाळा पगारदारांवर काढायचा. शाखा व्यवस्थापक, दोन प्राध्यापक, सरकारी दवाखान्यातल्या एक डॉक्टर. यांचं सगळं फोनवर, महिना अडीच हजार. शेतकरी उत्पादक कंपनीची कार्यशाळा मेमध्ये, खरिपाच्या आधी. दुसऱ्या वर्षाची एकूण जमा चार लाखांच्या आसपास, खर्च जाऊन पावणेतीन. पुण्याच्या पगाराच्या मानाने कमीच. पण खोलीचं भाडं गेलं, फ्लेक्स गेले, जाहिरात शून्य.

खर्चात एक बाब डोळ्यांत भरते. नागपूरच्या एका अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मॅडम दर महिन्याला पैसे देऊन स्वतःची प्रकरणं, नावं न सांगता, तपासून घेतात. पहिल्या वर्षी, उत्पन्न जवळपास नसताना, हाच खर्च सर्वात मोठा होता. कृषी केंद्राच्या प्रकरणात त्या संध्याकाळी मॅडमनी पहिला फोन तिथेच लावला होता. ज्याला या धंद्यात काटकसर करायची असेल त्याने पेट्रोलमध्ये करावी.

आज कुठे आहे

मॅडम एका वेळी दहापेक्षा जास्त हंगामी गिऱ्हाइकं घेत नाहीत. तालुका लहान आहे. दोघं जण एकमेकांचे देणेकरी निघतात, व्याही निघतात, निवडणुकीत समोरासमोर उभे राहतात. यंदा बाजार समितीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्धच्या पॅनलमधून उभे असलेल्या दोघांनी एकाच आठवड्यात विचारणा केली. मॅडमनी दुसऱ्याला नागपूरच्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं, कारण सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

वाढायचं तर दुसऱ्या पट्ट्यात जावं लागेल. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागवाल्यांची मागणी आहे, तिथलं दुखणं वेगळं : आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की बागवाला झोपत नाही, आणि व्यापारी बाग उक्ती घेऊन अर्ध्यावर सोडून जातो. अमरावतीचा एक तरुण समुपदेशक जोडीला घ्यायचा विचार चालू आहे. पुरुष गिऱ्हाइकांसोबत वावरात फिरायचा प्रश्नही त्याने सुटेल. अट एकच घातली आहे, की पोळ्यापर्यंत त्याने फक्त सोबत बसायचं, स्वतः गिऱ्हाईक घ्यायचं नाही, आणि नागपूरच्या तपासणीची फी दोघांची मिळून भरायची. त्याला दुसरी अट जड जाते आहे.

शेठजींनी तिसऱ्या हंगामाचे पैसे सप्टेंबरातच पुढे केले. मॅडमनी त्यांना सांगितलं, तुम्हाला आता सोळा बैठकांची गरज नाही. दसऱ्याआधी एक, होळीनंतर एक, मध्ये झोप बिघडली तर काटा पावत्या घेऊन या. शेठजींना ते पटलं नाही, पैसे देणारा मी आहे म्हणाले. शेवटी तीन हजारांवर ठरलं. मी मॅडमना म्हटलं, ज्याला सोडायचं नव्हतं तोच तुम्ही सोडला. त्यांनी रिकाम्या झालेल्या जागेवर कोण येतंय ते सांगितलं : एका जिनिंगवाल्याचे थोरले बंधू, झोपेचीच तक्रार, बायकोने पाठवलेले. कोणाचे बंधू, ते मी विचारलं नाही.